जँगोचा मालक कोण, आणि ते बंद पडलं तर कोणाकडे जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चोपड्याचे. अमळनेरच्या एका पतसंस्थेसाठी ठेवी, कर्ज आणि रोजच्या वसुलीचं सॉफ्टवेअर जँगोवर (वेब-सॉफ्टवेअर बांधायची पायथन भाषेतली फुकट मिळणारी तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क) लिहिताय. डेमो सगळ्यांना आवडला, आणि मग अध्यक्ष बापूंनी विचारलं, ‘याना मालक कोन शे?’ कंपनी नाही, करार नाही, फोन लावायला नंबर नाही, वर फुकट मिळतं. उद्या बंद पडलं तर? त्यात तुमच्या मित्राने सांगितलं की दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि जुना कोड चालेनासा होतो. तर बापूंना काय सांगायचं?

पहिली गोष्ट, बापूंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्याच्या कपाटात लोकांच्या ठेवींच्या पावत्या आहेत त्याने हे विचारायलाच हवं. मी धुळ्यात बसून अशीच कामं करतो: जिनिंगचा हिशोब, केळीच्या गाड्यांची नोंद, शाळांच्या फी. मालक असलेली सॉफ्टवेअरंसुद्धा बेवारस झालेली मी पाहिली आहेत. एका जिनिंगमध्ये ज्या पॅकेजवर सगळा कापूस मोजला जायचा, ते विकणाऱ्याने धंदाच बदलला. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणाकडे नाही, आणि जुनं विंडोज असलेला एक कॉम्प्युटर देवासारखा जपून ठेवलेला. तेव्हा मालक आहे का, हे विचारून फार काही कळत नाही. तीन गोष्टी विचारा: रोजचं कंटाळवाणं काम कोण करतं, त्याचे पैसे कुठून येतात, आणि एखादी गोष्ट मोडायची असेल तर किती आधी सांगतात. जँगोच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं उघड्यावर लिहिलेली आहेत. मात्र ती समजायला थोडा इतिहास लागतो, म्हणून लांबण लावतोय.

जँगो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथलं ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र. २००३ च्या शरदात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे तिथे वेबसाइटचं काम करत होते. बातमी दुपारी फुटली की संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी पान तयार हवं, असा तिथला तगादा. त्यांनी पीएचपी सोडून पायथन धरलं आणि तेच तेच काम पुन्हा लिहायला लागू नये म्हणून साधनं बनवत गेले. जेकब कॅप्लन-मॉस थोड्याच काळात त्यांना येऊन मिळाले. जुलै २००५ मध्ये ते सगळं बीएसडी परवान्याखाली (कोणीही वापरावं, बदलावं असा मोकळा परवाना) खुलं केलं आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव त्याला दिलं. बापूंच्या क्लार्कला जो अ‍ॅडमिन पॅनल एवढा आवडला, तो मुळात उपसंपादकांसाठी केलेला आहे. प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाला नोंदी भरता याव्यात, एवढाच त्याचा हेतू. म्हणूनच तो पतसंस्थेत इतका चपखल बसतो.

सुरुवातीच्या तीन वर्षांत त्यांनी भरपूर मोडतोड केली. २००६ मध्ये ‘मॅजिक रिमूव्हल’ नावाची कोडची एक शाखा मुख्य कोडमध्ये आली आणि मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याचं कोडमधलं वर्णन) लिहिण्याची जवळजवळ सगळी पद्धत बदलली, कारण पडद्याआड आपोआप घडणाऱ्या गोष्टी फार झाल्या होत्या. तेव्हा वापरणारे थोडे होते, त्यामुळे निभावलं. सप्टेंबर २००८ मध्ये १.० आलं, आणि त्याबरोबर शब्द दिला गेला की यापुढे जुना कोड सूचना न देता मोडणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं. ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. नाव आणि ट्रेडमार्क तिच्याकडे, देणग्या तिच्याकडे, सभासद तिचे.

इथे बरेच जण गोंधळतात. फाउंडेशनचं संचालक मंडळ कोडमध्ये काय जावं हे ठरवत नाही. ते पैसा, कायदा, परिषदांना मदत आणि आचारसंहिता पाहतं. तांत्रिक निर्णयाची रचना वेगळी आहे, आणि ती वेळोवेळी बदलत गेली.

पहिल्या काळात होलोव्हाटी आणि कॅप्लन-मॉस यांचा शब्द अखेरचा असे. ओपन सोर्सच्या जगात अशा माणसाला तहहयात दयाळू हुकूमशहा म्हणायची थट्टेवजा पद्धत आहे. त्यांच्याखाली कोअर टीम: ज्यांना कोड थेट आत घालायचा अधिकार आहे असे लोक. कोअरमध्ये यायचं तर आतल्यांनी बोलवायला हवं. जानेवारी २०१४ मध्ये दोघांनीही पद सोडलं. कारण साधं होतं: रोजच्या कामात ते उरले नव्हते, आणि जो काम करत नाही त्याच्याकडे अखेरचा शब्द असू नये. भांडण झालं नाही, फाटाफूट झाली नाही. पायथन भाषेतही पुढे साधारण असंच घडलं. तिथे २०१८ मध्ये गिडो व्हान रॉसम एका वादग्रस्त प्रस्तावानंतर थकून बाजूला झाले आणि मग घाईने नवी व्यवस्था उभी करावी लागली. जँगोवाले चार वर्षं आधी, शांतपणे हे करून बसले होते. मला तरी त्यांचं हे पाऊल त्यांच्या कुठल्याही फीचरपेक्षा मोठं वाटतं.

दोघे गेल्यावर पाच जणांचं टेक्निकल बोर्ड आलं. पण खरी अडचण वर नव्हती, खाली होती. तिकिटांचा, म्हणजे चुका आणि दुरुस्त्यांच्या नोंदींचा, ढीग. कोणीतरी बग, म्हणजे चूक, कळवतो, कोणीतरी दुरुस्ती पाठवतो, आणि ती तपासायला कोणाला वेळ नसतो. स्वयंसेवक माणूस रात्री जेवण झाल्यावर बसतो तेव्हा त्याला नवीन काहीतरी लिहायची हौस असते; दुसऱ्याचा कोड तपासायची हौस कोणालाच नसते. म्हणून २०१४ मध्येच फाउंडेशनने फेलो हे पगारी पद सुरू केलं. पहिल्यांपैकी टिम ग्रॅहम हे नाव त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक तिकिटावर दिसतं. पुढे कार्लटन गिब्सन, मारिउश फेलिसियाक, नातालिया बिदार्त, सारा बॉइस असे लोक आले. फेलोचं काम म्हणजे आलेली तिकिटं चाळणं, पॅच, म्हणजे आलेल्या दुरुस्त्या, तपासणं, सुरक्षेच्या तक्रारी हाताळणं आणि आवृत्ती वेळेवर बाहेर काढणं. बापूंना दाखवायला नाव हवं असेल तर ते हेच. सकाळी उठून जँगोच्या दारात झाडू मारणारा माणूस पगारावर आहे.

हे पद बापूंना समजावून सांगायचं तर साक्री तालुक्यात पांझरेवरचे बंधारे आठवा आणि त्यांच्याखालची फड पद्धत सांगा. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, जमीन फडांत विभागलेली, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाटकरी बारी लावतो, दार उघडतो, पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचतं की नाही ते बघतो. त्याचा मोबदला सगळे लाभधारक मिळून देतात. पण यंदा कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात गहू, हे पाटकरी ठरवत नाही, ते पंचांचं काम. फेलो हा पाटकरी आहे. पाटावर रोज तोच दिसतो म्हणून बंधारा त्याचा होत नाही, आणि पंच रोज दिसत नाहीत म्हणून व्यवस्था निर्नायकी ठरत नाही.

आता गंमत अशी झाली की फेलो आले आणि कोअर टीम नावापुरती उरली. बहुतेक सगळा कोड फेलोच आत घालत होते. कोअरमधले अनेक जण वर्षानुवर्षं काही करत नव्हते, पण यादीत होते. आणि बाहेरच्या नव्या माणसाला ती यादी पाहून वाटायचं की हे वरच्या दर्जाचे लोक, आपण इथे कशाला बोलावं. जेम्स बेनेट यांनी २०१८ मध्ये प्रस्ताव मांडला की कोअर टीमच बरखास्त करा. चर्चा वर्षभराहून जास्त चालली. मार्च २०२० मध्ये तो मंजूर झाला. जँगो सुधारणा प्रस्तावांच्या क्रमात तो १० वा. कोअर गेली. तिच्या जागी दोन साध्या भूमिका आल्या. मर्जर कोड आत घालतो, रिलीझर आवृत्ती प्रसिद्ध करतो. दोघांकडे बटण आहे, पण ते हातात आहे म्हणून काय आत जावं हे ठरवायचा हक्क त्यांना मिळत नाही. निर्णय उघड चर्चेतून, सहमतीने व्हायचा. अडला तर पाच जणांच्या मंडळाकडे जायचा. ते मंडळ फाउंडेशनचे वैयक्तिक सभासद मतदानाने निवडतात. पुढे त्याचं नाव स्टीअरिंग कौन्सिल झालं. त्याची मुदत आवृत्त्यांच्या चक्राशी बांधलेली असते, म्हणजे साधारण दोन वर्षं.

ज्या लोकांनी पदं निर्माण केली त्यांनीच ती मोडीत काढावी, हे आपल्याकडच्या कुठल्या संस्थेत पाहिलंय का? मी नाही.

पण हे सगळं गोड आहे असं बापूंना सांगू नका, कारण तसं नाही. निवडणूक असली तरी उभं राहायला माणसं लागतात, आणि निवडून आल्यावर त्यांच्याकडे वेळ लागतो. २०२४ च्या शेवटी आधीच्या कौन्सिलने मुदत संपायच्या आतच नवी निवडणूक लावली, कारण काम ओढायला हात पुरत नव्हते. नवीन मंडळ २०२५ मध्ये आलं आणि कामाला लागलं. याला मी कमजोरीही म्हणतो आणि ताकदही. कमजोरी, कारण जगातल्या एवढ्या साइट ज्यावर चालतात त्याच्या दिशेचा विचार करायला पाच मोकळी माणसं मिळणं जड जातं. ताकद, कारण पद अडवून बसण्याऐवजी त्यांनी ते सोडलं आणि नियमात लिहिलेली वाट वापरली. दुसरी कमजोरी पैशाची. फेलो वर्षानुवर्षं दोनच्या आसपासच राहिलेत. त्यांचा मोबदला कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून आणि लोकांच्या देणग्यांतून येतो. जेटब्रेन्स ही कंपनी आपल्या पायचार्म एडिटरच्या विक्रीतून जँगोसाठी दरवर्षी मोहीम चालवते, तो त्यातला एक ठळक भाग. देणग्या आटल्या तर जँगो एका रात्रीत बंद पडणार नाही, पण तिकिटांचा ढीग पुन्हा वाढेल आणि दुरुस्त्या उशिरा येतील. बापूंना धोका सांगायचा तर हा सांगा. मालक नसण्याचा धोका मला यापुढे किरकोळ वाटतो.

(पतसंस्थेने देणगी दिली तर ८०जीची पावती मिळेल का, असं मला एका संचालकांनी विचारलं होतं. नाही मिळणार, संस्था अमेरिकेतली आहे. सॉफ्टवेअरच्या खर्चात धरा आणि विसरा.)

आता मित्राचा मुद्दा, जुना कोड मोडण्याचा. हा नीट समजून घ्या, कारण तुमचं पोट यावर आहे.

नवी आवृत्ती दर आठ महिन्यांनी येते, हे खरं. पण दर तिसरी आवृत्ती, म्हणजे जिच्या शेवटी .२ असतो, ती दीर्घ मुदतीची: २.२, ३.२, ४.२, ५.२. तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आलं, म्हणजे एप्रिल २०२८ पर्यंत निश्चिंती. पतसंस्थेला नव्या फीचरची हौस नसते, तिला मार्चअखेरीला सिस्टीम चालू हवी असते. .२ वर बसा, पुढच्या .२ वर उडी मारा, मधल्या दोन आवृत्त्या फक्त वाचा.

आणि एखादी गोष्ट काढून टाकायची तर आधी ती ‘कालबाह्य’ ठरवतात. कोड चालतच राहतो, पण टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा कोड) चालवताना इशारा छापला जातो. इशारा दिल्यापासून किमान दोन आवृत्त्या गेल्याशिवाय ती गोष्ट जात नाही. उदाहरण घ्या. कुठल्या वेबपत्त्यावर कुठलं पान दाखवायचं हे सांगायच्या दोन पद्धती: रेग्युलर एक्स्प्रेशनवाली (खुणांच्या किचकट भाषेतली) जुनी यूआरएल आणि नवी सुटसुटीत पाथ. पाथ आली २.० मध्ये, डिसेंबर २०१७. जुनं यूआरएल फंक्शन कालबाह्य ठरलं ३.१ मध्ये, ऑगस्ट २०२०. ते गेलं ४.० मध्ये, डिसेंबर २०२१. म्हणजे नवी पद्धत आल्यापासून चार वर्षं. तरीही २०२२ मध्ये ‘जँगोने अचानक मोडलं’ म्हणून फोन करणारे मला भेटले. त्यांनी इशारे पाहिले नव्हते, कारण त्यांच्याकडे टेस्टच नव्हत्या.

दुसरं उदाहरण तर थेट तुमच्या कामाचं आहे. मॉडेलमध्ये फॉरेन की (एका नोंदीला दुसरीशी जोडणारा दुवा) लिहिताना ऑन-डिलीट, म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं ते, द्यावं लागतं ना? पूर्वी ते द्यायची गरज नव्हती. नाही दिलं तर जँगो गुपचूप कॅस्केड धरायचं. म्हणजे सभासदाची नोंद डिलीट केली की त्याचं कर्जखातंही पुसलं जायचं. १.९ मध्ये, डिसेंबर २०१५ ला, इशारा सुरू झाला, आणि २.० पासून लिहिणं सक्तीचं झालं. हजारो प्रकल्पांत लाखो ओळी बदलाव्या लागल्या, लोकांनी कुरकुर केली. पण ही सक्ती योग्य होती, असं माझं ठाम मत आहे. पैशाच्या व्यवहारात मूक कॅस्केड हा गुन्हा आहे. तुमच्या मॉडेलमध्ये कर्ज आणि ठेवीच्या प्रत्येक फॉरेन कीला प्रोटेक्ट लावा, म्हणजे जोडलेली नोंद असेपर्यंत मूळ नोंद पुसताच येणार नाही. कॅस्केड दिसलं तर त्याचं कारण शेजारी लिहून ठेवा.

तिसरं वेळेचं. ५.० मध्ये यूज-टीझेड या (टाइमझोन चालू-बंद करणाऱ्या) सेटिंगचं मूळ मूल्य फॉल्सचं ट्रू झालं. नवीन प्रकल्पाच्या सेटिंग फाइलमध्ये ते आधीपासून ट्रूच लिहून यायचं, त्यामुळे बहुतेकांना फरक पडला नाही. पण ज्यांनी सेटिंग फाइल छाटून ठेवली होती त्यांना पडला. टाइमझोन चालू असला की जँगो वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आत चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाइमझोनच्या नाऊमधून सरळ तारीख काढली तर कालची तारीख मिळते. व्याज आकारणीची रात्रीची जॉब तुम्ही बाराला लावणार, मला माहीत आहे, सगळे तिथेच लावतात. तारीख काढायला लोकलडेट वापरा.

सगळे बदल तोडायलाच असतात असंही नाही. आकड्यांत लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविराम पडावेत, म्हणजे १०,००,००० असं दिसावं, यासाठी १.११ पासून गटांची लांबी वेगवेगळी देता येते. त्या आधी आपल्यापैकी प्रत्येकाने त्यासाठी स्वतःचं फिल्टर लिहिलेलं असायचं, आणि प्रत्येकाचं ऋण रकमेला फसायचं.

पायथन २ सोडतानाही हाच धीर दिसला. १.११ ही पायथन २ वर चालणारी शेवटची आवृत्ती, एप्रिल २०१७ ची. तिला एप्रिल २०२० पर्यंत आधार मिळाला. तीन वर्षं पुढची तारीख सांगून मग दार बंद केलं.

याच्या उलट बाजूला अँग्युलर ही ब्राउझरमधल्या पडद्यांसाठीची चौकट ठेवा. त्याला मालक आहे, आणि तोही गुगलसारखा. तरी २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं तेव्हा ते जुन्या अँग्युलरजेएसपासून इतकं वेगळं होतं की बहुतेकांना नव्याने लिहावं लागलं. मालक असला की मोडतोड होत नाही, ही समजूत तिथेच संपते. आणि मालकाशी पटलं नाही तर काय होतं ते नोडमध्ये (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं सॉफ्टवेअर) दिसलं. २०१४ च्या अखेरीस ते सांभाळणाऱ्या जॉयंट कंपनीच्या कारभाराला कंटाळून मुख्य लेखकांपैकी अनेक जण बाहेर पडले, आयओ.जेएस नावाने वेगळी चूल मांडली, आणि २०१५ मध्ये दोन्ही पुन्हा एका फाउंडेशनखाली आले. परवाना मोकळा होता म्हणूनच हे शक्य झालं. जँगोचा बीएसडी परवानाही तितकाच सैल. तुमचं सॉफ्टवेअर बंदिस्त ठेवून विकायलाही तो आडकाठी करत नाही, आणि उद्या फाउंडेशनच बुडालं तरी आज तुमच्याकडे असलेला कोड कोणी परत मागू शकत नाही.

नव्या कल्पना आत कशा येतात, हेही थोडं पाहा, कारण त्यातून कळतं की जँगो फुगत का नाही. डेटाबेसच्या रचनेत बदल करणारी मायग्रेशन आज आपण गृहीत धरतो. ती मुळात जँगोत नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांनी साउथ नावाचं बाहेरचं पॅकेज लिहिलं, ते वर्षानुवर्षं सगळ्यांनी वापरलं, त्यातल्या चुका कळल्या. मग २०१३ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर (लोकांकडून वर्गणी गोळा करायची साइट) २,५०० पौंड मागितले आणि जवळजवळ १८,००० मिळाले. त्यातून नव्याने लिहिलेली मायग्रेशन १.७ मध्ये, सप्टेंबर २०१४ ला, आत आली. त्याच माणसाचं पुढचं काम चॅनल्स, वेबसॉकेटसाठी, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातल्या सतत चालू राहणाऱ्या जोडणीसाठी. त्याला फायरफॉक्सवाल्या मोझिलाकडून अनुदान मिळालं, अधिकृत प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पण ते जँगोच्या मुख्य कोडमध्ये कधी गेलं नाही. त्यातून निघालेला एएसजीआय हा पाया (सर्व्हर आणि अ‍ॅपने एकमेकांशी कसं बोलायचं याचा नियम) मात्र ३.० मध्ये आला, आणि ३.१ मध्ये असिंक्रोनस व्ह्यू (एकाची वाट पाहताना दुसरं काम उरकणारा कोड). म्हणजे नावाजलेला लेखक आणि मोझिलाचा पैसा मागे असूनही पॅकेज जसंच्या तसं आत गेलं नाही. घेतला तो त्यातला सगळ्यांना लागणारा, बाहेर राहून होऊ न शकणारा भाग. लोक याला संथपणा म्हणतात. पतसंस्थेच्या हिशोबासाठी मला हा संथपणा हवाच आहे.

ज्याची भीती खरोखर बाळगावी ती गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत: तुम्ही वरून घातलेली पॅकेजेस. जँगोमागे फाउंडेशन आहे, फेलो आहेत, निवडून आलेलं मंडळ आहे. तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमधल्या (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतल्या) बाकीच्या ओळींमागे बहुधा एकेक माणूस आहे, आणि त्याची नोकरी बदलली की ते पॅकेज थांबतं. अपग्रेड अडतो तो नव्वद टक्के वेळा इथेच, असं मी अंदाजाने म्हणतो. प्रत्येक पॅकेज घेण्याआधी पाहा की शेवटची आवृत्ती कधी आली, ते ताज्या .२ वर चालतं का, आणि पाठवलेल्या दुरुस्त्या कोणी स्वीकारतंय का. एसएमएस पाठवायचं पॅकेज पन्नास ओळींचं असेल तर त्या ओळी स्वतःच लिहा.

तर बापूंना हे असं सांगा. मालक नाही, पण नोंदणीकृत संस्था आहे, पगारी माणसं आहेत, मंडळ निवडून येतं आणि त्याचे नियम कोणीही वाचू शकतं. सुरक्षेची चूक सापडली तर ती आधी गुप्तपणे कळवायचा पत्ता आहे, आणि आधार चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्यांना दुरुस्ती एकाच दिवशी मिळते. ती पतसंस्थेत किती दिवसांत बसेल, हे मात्र जँगो नाही, तुम्ही सांगणार. म्हणून देखभालीच्या करारात तुमच्या बाजूने तीन गोष्टी लिहा: सुरक्षेची दुरुस्ती किती दिवसांत लावणार, पुढच्या .२ वर जाण्याचं काम कोणत्या महिन्यात आणि किती पैशांत, आणि सोर्स कोडची प्रत संस्थेच्या ताब्यात. तिसरी गोष्ट लिहायला आपले लोक कचरतात, वाटतं गिऱ्हाईक निसटेल. लिहा. बापूंना मालक हवा होता तो फ्रेमवर्कचा नव्हे, तुमच्या कामाचा. आणि तुम्ही उद्या पुण्याला निघून गेलात तर काय, हे त्यांच्या प्रश्नात होतंच. अपग्रेडचा महिना मार्च किंवा एप्रिल धरू नका. ऑगस्ट बरा.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की आपल्या भागातल्या पोरांना यात शिरता येतं का. येतं, आणि पदवी कुठली हे कोणी विचारत नाही. झिंबाब्वेच्या अ‍ॅना मकारुड्झे फाउंडेशनच्या अध्यक्ष होत्या. वाट अशी: जँगोची तिकिटं ट्रॅक नावाच्या व्यवस्थेत असतात आणि सोप्या तिकिटांना ‘ईझी पिकिंग्ज’ अशी खूण असते. ती खूण पाहून सगळेच तिथे धावतात, म्हणून मी उलटं सुचवतो. ज्या तिकिटावर कोणीतरी पॅच दिलाय, पण टेस्ट नाही अशी खूण आहे, ते घ्या. बग आपल्या मशीनवर घडवून पाहा, टेस्ट लिहा, ती पॅचशिवाय नापास आणि पॅचसकट पास होते हे दाखवा. हे काम कोणाला नको असतं, त्यामुळे गर्दी नाही, आणि फेलोच्या नजरेत माणूस लवकर भरतो. जँगोनॉट स्पेस नावाचा आठ आठवड्यांचा उपक्रमही आहे. त्यात नव्या माणसाला जोडीला मार्गदर्शक मिळतो. अशी कामं, शिकवणं, भाषांतर यांपैकी काहीही सातत्याने केलं की फाउंडेशनचं वैयक्तिक सभासदत्व मागता येतं, आणि मग कौन्सिलच्या निवडणुकीत मत.

भाषांतराचं सांगायचं राहिलं. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि तिचे शब्द ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर स्वयंसेवक भरतात. बापूंच्या क्लार्कला अ‍ॅडमिन पॅनल मराठीत हवा असेल तर सेटिंगमध्ये भाषा ‘एमआर’ करा, आणि जिथे इंग्रजी डोकावेल ते वाक्य तुमच्याच प्रकल्पात खासगी ठेवून भरू नका, तिथे वर पाठवा. पुढच्या आवृत्तीत ते आपोआप परत येईल, तुमच्याकडे सांभाळायची एक फाइल कमी. ‘सेव्ह अँड अ‍ॅड अनदर’ला काय म्हणायचं ते मात्र क्लार्कला विचारून ठरवा. दिवसभर ते बटण दाबणार तोच आहे.